बेटावरचा डॉक्टर बदलतो, रुग्ण तिथेच असतो

मालदीवच्या उत्तर टोकाकडच्या एका बेटावर, सरकारी आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा तिथे इमारत होती, रुग्णवाहिका होती, ईसीजीचं मशीन होतं, जवळच औषधांचं दुकान होतं आणि बेटावरच्या लोकांना उपचारांचे पैसे द्यावे लागत नव्हते. नेमकं काय कमी आहे, हे कळायला थोडे दिवस जावे लागले. बेटावर रक्तदाबाचे रुग्ण किती, मधुमेह कोणाकोणाला, त्यांतले नेमाने गोळ्या घेणारे कोण, या साध्या प्रश्नांची उत्तरं केंद्रात एका जागी लिहिलेली नव्हती. ती आधीच्या डॉक्टरांच्या डोक्यात होती, आणि ते करार संपवून निघून गेले होते. त्यांच्या आधीचेही असेच गेले होते. लहान बेटांवरचे बरेचसे डॉक्टर परदेशी असतात. भाषा थोडी कानात बसते, माणसं ओळखीची होतात, तोवर परतीचं तिकीट निघतं.

तिथे असताना मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, ते या एका अडचणीवर होतं. डॉक्टर बदलला तरी सेवा तुटू नये, यासाठी काय करावं लागतं?

आधी त्या देशाचा आकार समजून घ्यायला हवा. मालदीवमध्ये जवळपास १,२०० बेटं आहेत. वस्ती त्यांतल्या दोनशेहून कमी बेटांवर. सगळी मिळून जमीन ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास, पण ती उत्तर-दक्षिण साडेआठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या समुद्रात विखुरलेली. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर भरली आणि त्यातली चाळीस टक्के माणसं एकट्या माले या राजधानीच्या परिसरात राहतात. उरलेली अशा बेटांवर, जिथे पुष्कळदा वस्ती हजाराच्याही आत असते. हजार माणसांमागे हृदयरोगतज्ज्ञ ठेवणं कुठल्याच देशाला परवडणार नाही. आणि हजार माणसांना हृदयविकार होणार नाही, असंही नाही.

हा देश आरोग्याच्या बाबतीत मागासलेला मुळीच नाही, हे मी तिथे शिकले. इथल्या मातीत झालेल्या मलेरियाचा शेवटचा रुग्ण १९८४ सालचा. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मालदीवला मलेरियामुक्त जाहीर केलं, दक्षिण-पूर्व आशिया विभागातला तो पहिला देश. पुढच्याच वर्षी हत्तीरोगाचं उच्चाटन झालं. २०२५ मध्ये तर आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी ही तिन्ही संक्रमणं रोखल्याची मान्यता मिळाली. तिन्ही एकत्र रोखणारा जगातला पहिला देश. हे यश मोठ्या रुग्णालयांमुळे मिळालेलं नाही. बेटाबेटांवर, घराघरांत जाऊन पाण्याच्या टाक्या तपासणारे, रक्ताचे नमुने घेणारे, गरोदर बाईची प्रत्येक तपासणी वेळेवर होते की नाही हे बघणारे कार्यकर्ते त्यामागे आहेत. आपल्याकडच्या आशाताईंचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग पैसा आला आणि विम्याची योजना आली. १ जानेवारी २०१२ पासून ‘आसंधा’ सुरू झाली. सुरुवातीला तिला वार्षिक मर्यादा होती, २०१४ मध्ये तीही काढली. गरिबाला डायलिसिससाठी घर विकावं लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी तिचं मोल कमी करणार नाही. पण तिची दुसरी बाजूही रोज समोर यायची. साध्या रक्तदाबासाठी माणूस बोटीत बसून मालेला जायचा, तिथे एका तज्ज्ञाला दाखवायचा, पुढच्या वेळी दुसऱ्याला. हातात गोळ्यांच्या तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्या, आणि बेटावरच्या केंद्रात त्याच्या नावाचा कागदही नाही. फुकट उपचार आणि नीट उपचार यांच्यामध्ये कोणीतरी सतत लक्ष ठेवणारं लागतं. ती जागा रिकामी होती.

आम्ही सुरुवात यादीपासून केली. आमच्या केंद्रात दोघी हेल्थ ऑफिसर होत्या, दोघीही त्याच बेटाच्या लेकी. मालदीवमध्ये घरांना नावं असतात आणि पत्ता म्हणून तीच चालतात. त्यामुळे आमच्या फायली माणसांच्या नावांच्या अक्षरांनुसार न लावता घरांनुसार लावायच्या, असं मोठ्या ऑफिसरबाईंनी सुचवलं. “डॉक्टर, एका घरात मीठ एकाच डब्यातलं असतं,” त्या म्हणाल्या. घरात एकाला रक्तदाब निघाला तर बाकीच्यांना तपासायचं, हे त्या एका वाक्यात आलं. फायलीवर उजवीकडे दिवेही या तिथल्या भाषेच्या थाना लिपीत घराचं नाव आणि सूचना, डावीकडे इंग्रजीत औषधं आणि आकडे. रुग्णालाही वाचता आलं पाहिजे आणि माझ्यानंतर येणाऱ्या डॉक्टरलाही.

कमी साधनांच्या केंद्रांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘पेन’ नावाची पद्धत बनवली आहे. मालदीवने ती स्वीकारली आहे. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचं वय, तंबाखूची सवय, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल एवढं घ्यायचं आणि तक्त्यावरून बघायचं, की येत्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोका किती. तक्ता रंगीत असतो. हिरव्या चौकटीतल्या माणसाला वर्षभराने बोलवा, लाल चौकटीतल्याला आजच औषध सुरू करा. याला तज्ज्ञ लागत नाही. रक्तदाब नीट मोजणारा माणूस मात्र लागतो, आणि हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. माणूस पाच मिनिटं बसलेला हवा, पाय जमिनीवर टेकलेले हवेत, पट्टा दंडाच्या मापाचा हवा, आणि मोजताना गप्पा बंद. बेटावर कोणाच्या घरात शिरून गप्पा बंद करायला सांगणं अवघड काम आहे. ते धाकट्या ऑफिसरबाईंना बरोबर जमायचं.

पुरुष सापडणं ही खरी कसोटी. ट्यूना मासे पकडणारे धोनीवरचे, म्हणजे तिथल्या मासेमारी बोटीवरचे, लोक पहाटे निघायचे आणि परत येईपर्यंत आमचं केंद्र बंद झालेलं असायचं. मग आम्ही बंदराजवळ, इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर बसायला लागलो. बेटाच्या कौन्सिलने दिवा आणि खुर्च्या दिल्या, महिला विकास समितीच्या बायकांनी घरोघरी निरोप पोचवला. एक वयस्कर नाखवा काही केल्या दंड पुढे करेना. आमच्या बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या आईचा रक्तदाब घेतला, मग बायकोचा, मग सुनेचा. आकडे त्याच्यासमोर मोठ्याने वाचले. त्यानंतर तो आपणहून बसला. त्याचा रक्तदाब इतका वर होता की पट्टा काढायच्या आत मी गोळीचा विचार करत होते. तो आजही औषध घेतो आणि त्याच्या धोनीवरची माणसं त्याच्या सांगण्यावरून तपासायला येतात.

खाण्यापिण्याबद्दल बोलताना मी शक्यतो मागे बसायचे. रिहाकुरू हा मासळीचं पाणी आटवून केलेला दाट, खारट लगदा तिथल्या जेवणाचा प्राण आहे. ‘खाऊ नका’ म्हणणारा परका डॉक्टर लोक ऐकून घेतात आणि विसरतात. समितीतल्या बायकांनीच आपसात ठरवलं, की रिहाकुरू खायच्या दिवशी भातात आणि रोशीत, म्हणजे तिथल्या पोळीत, मीठ घालायचं नाही. हा सल्ला कुठल्या पुस्तकात नाही, पण घरात टिकला. सुपारी आणि तंबाखूच्या बाबतीत असं सोपं यश मिळालं नाही, हेही सांगायला हवं. १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकणं कायद्याने बंद झालंय. मोठ्यांच्या पिढीसाठी मात्र दारोदारीचं बोलणंच उरतं.

यादीचा पहिला उपयोग जिथे झाला ते ठिकाण होतं औषधांचं दुकान. वस्तीच्या बेटांवर सरकारी स्टेट ट्रेडिंग ऑर्गनायझेशनची दुकानं आहेत, सगळे तिला एसटीओ म्हणतात. पूर्वी अमलोडिपिन ही रक्तदाबाची गोळी संपली की संपली, पुढची बोट येईपर्यंत थांबा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, मालवाहू बोटी उशिरा येतात. आता आमच्याकडे नावं होती. कोणाला कोणती गोळी, दिवसाला किती, हे जुळवून आम्ही महिन्याची गरज काढली आणि वाईट हवामानासाठी जादा साठा मागितला. मागणी ‘औषध लवकर पाठवा’ अशी न जाता आकड्यांत गेली की समोरच्यालाही काम करता येतं. फार्मासिस्टने दुकानाच्या मागे कपाटात वेगळा खण केला. ज्यांनी महिनाअखेर गोळ्या नेल्या नाहीत त्यांची नावं तोच आम्हाला कळवायला लागला. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ते हे. औषध न नेणारा रुग्ण सात-आठ दिवसांत समजतो आणि बाई त्याच्या दारात जाऊन उभ्या राहतात. पक्षाघात टाळायचा तो इथे टाळायचा.

दुसरं मोठं काम रुग्णाला पुढे पाठवण्याचं. आमच्यासाठी वरचं रुग्णालय म्हणजे कुलहुधुफुशीचं प्रादेशिक रुग्णालय. पूर्वी तिथे जायचं तर खाजगी स्पीडबोट ठरवा, नाहीतर कोणाच्या तरी बोटीत जागा मागा. २०२२ पासून उत्तरेकडच्या अटोलांमध्ये, म्हणजे प्रवाळ बेटांच्या समूहांमध्ये, सरकारी वेगवान फेरीबोट सुरू झाली, राज्जे ट्रान्सपोर्ट लिंक नावाची. माझ्या मते आरोग्यसेवेत झालेली ही मोठी सुधारणा आहे, जरी ती आरोग्य मंत्रालयाच्या कुठल्याच अहवालात तशी मोजली जाणार नाही. आम्ही फेरीचं वेळापत्रक आणि तिथल्या तज्ज्ञांचे ओपीडीचे दिवस एका कागदावर आणले. सकाळच्या फेरीने जाणारा रुग्ण त्याच दिवशी परत येऊ शकेल, अशाच वेळा मागायच्या. एका दिवसाच्या तपासणीसाठी तिथे मुक्काम पडला की बरोबर आलेल्या माणसाची मजुरी बुडते, आणि मग पुढची तारीख तो चुकवतो. स्त्रीरोग, डोळे, हाडं, सगळ्यांसाठी आम्ही हेच केलं.

जाणाऱ्या रुग्णाच्या हातात एक चिठ्ठी, तिचाच खालचा अर्धा भाग कोरा. तज्ज्ञाने काय सांगितलं ते त्यात लिहून परत पाठवायचं. सुरुवातीला ते अर्धे भाग कोरेच परत यायचे. मग मी तिथल्या डॉक्टरांना व्हायबर या मेसेजिंग अ‍ॅपवर रुग्ण निघतानाच निरोप टाकायला लागले. मालदीवमध्ये सगळा कारभार व्हायबरच्या ग्रुपवर चालतो, कौन्सिलच्या नोटिशीपासून मासळीच्या भावापर्यंत. ‘तुमची गोळी आमच्या दुकानात नाही, हिच्याऐवजी ही चालेल का?’ असा नेमका प्रश्न विचारला की उत्तर मिनिटात यायचं. हळूहळू चिठ्ठ्या भरून यायला लागल्या. समोरच्याला कळलं पाहिजे, की आपण लिहिलेलं कोणीतरी वाचणार आहे.

तातडीच्या रुग्णाचं गणित निराळं. एका रात्री गरोदरपणातले दिवस भरत आलेली एक मुलगी डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय म्हणत आली. रक्तदाब बराच चढलेला, लघवीत प्रथिनं. झटके येण्याच्या आत तिला हलवायला हवं होतं. बाहेर वारा. अशा वेळी सुचेल तसं करून चालत नाही, म्हणून आम्ही आधीच एक पेटी भरून ठेवली होती: झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट, रक्तदाब उतरवणारी औषधं, ऑक्सिजनची नळकांडी, बाळंतपणाचं साहित्य, दोन विजेऱ्या. पेटीच्या झाकणावर यादी, आणि दर शुक्रवारी नर्स ती तपासून सही करायची. मॅग्नेशियमचा पहिला डोस केंद्रातच दिला, रक्तदाब थोडा उतरवला, मग बोटीत चढवलं. कोणत्या नाखव्याला रात्री प्रवाळाच्या भिंतीतल्या वाटेने बोट बाहेर काढता येते, त्यांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावलेले होते. हिंदकळत्या बोटीत रक्तदाब मोजता येत नाही. नर्स तिचा हात धरून श्वास मोजत होती आणि गुडघ्याला टिचकी मारून प्रतिक्षेप बघत होती, कारण मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी तेच मंदावतात. पलीकडे धक्क्यावर स्ट्रेचर उभं होतं. पहाटे सिझेरियन झालं, आई आणि बाळ दोघंही सुखरूप. बोटीचा खर्च योजनेतून निघाला. त्या मुलीची आधीची तपासणी आमच्या घरांनुसार लावलेल्या फायलींत होती, म्हणून तिचा नेहमीचा रक्तदाब किती असतो हे मला एका नजरेत कळलं होतं.

रमजानची तयारी आम्ही त्याच्या आधीच्या शाबान महिन्यातच सुरू केली. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला बोलावून कोणाला रोजा धरता येईल आणि कोणासाठी तो धोक्याचा आहे, हे मशिदीच्या इमामांना सोबत घेऊन सांगितलं. साखर एकदम खाली नेणाऱ्या गोळ्या सकाळऐवजी इफ्तारच्या वेळी, सहरीचा डोस कमी, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दोन जेवणांत विभागून. किडनीचा त्रास असलेल्यांना आणि वरचेवर साखर घसरणाऱ्यांना स्पष्ट नको म्हटलं. आजाऱ्याला सवलत आहे, हे इमामांच्या तोंडून आलं तेव्हाच काही म्हाताऱ्यांनी ऐकलं. माझ्या सांगण्याने ते कधीच थांबले नसते.

एक गोष्ट मात्र मला आतून छळत राहिली. बेटावर बांधकामावर आणि बोटींवर काम करणारे बरेच बांगलादेशी मजूर होते. आसंधा मालदीवच्या नागरिकांसाठी आहे. या माणसांच्या विम्याची जबाबदारी मालकाची. कागदावर विमा असतो, पण ताप आलेला मुलगा चौथ्या दिवशी येतो, कारण पैसे किती लागतील याची त्याला धास्ती असते. डेंग्यूचा डास मात्र पासपोर्ट बघत नाही. अर्धवट इमारतीच्या खड्ड्यांत साचलेलं पाणी सगळ्या बेटाचं आहे. हाच मुद्दा घेऊन आम्ही कौन्सिलकडे गेलो आणि मजुरांच्या राहण्याच्या जागी संध्याकाळची तपासणी सुरू केली. मोडक्यातोडक्या हिंदीत ते भरभरून बोलायचे. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा रक्तदाब मोजला होता. त्यांचीही पानं आम्ही फायलींत लावली, घराच्या नावाच्या जागी मालकाचं नाव आणि बांधकामाची जागा लिहून.

करार संपत आला तेव्हा सगळ्यात जास्त वेळ मी सोपवण्याच्या कामाला दिला. नवे डॉक्टर येण्याआधी दोघी ऑफिसरबाईंनी दवाखाना माझ्याशिवाय चालवून बघितला. रक्तदाब अमुक आकड्यावर गेला तर डोस कधी वाढवायचा, कोणती लक्षणं दिसली की डॉक्टरला हाक मारायची, कोणती दिसली की थेट बोटीची तयारी करायची, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत दिवेहीमध्ये लिहून काढलं आणि मी त्यावर सही केली. या बायकांना पगार आणि पद त्यांच्या कामाच्या तोडीचं मिळालं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. फाफू अटोलमध्ये सरकारने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो नमुना उभा केलाय, त्यातही घरं वाटून घेणारा स्थानिक चमू हाच कणा आहे. दिशा बरोबर आहे. मालेत उंच रुग्णालय बांधायला निधी लवकर मिळतो आणि बेटावरच्या हेल्थ ऑफिसरची दुसरी जागा भरायला उशीर लागतो, हे उलटं व्हायला हवं.

नवे डॉक्टर केरळचे. ते आले तेव्हा मी अजून बेटावर होते, हे कौन्सिलकडे धरलेल्या हट्टामुळे जमलं. पहिल्या दिवशी मोठ्या ऑफिसरबाई त्यांना घेऊन लाल चौकटीतल्या प्रत्येकाच्या घरी गेल्या; ओळख त्यांनी करून दिली, मी मागून चालत होते. राहिलेल्या कामांचा कागद मी त्यांच्या हातात दिला. मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अजून नियमित होत नाही. उदास, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी बेटावर कोणी समुपदेशक नाही. आणि मजुरांच्या पानांवर ‘औषधांचा खर्च’ हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा आहे. त्यांनी कागद वाचला आणि आधी मजुरांचा प्रश्न घेऊ म्हणाले. कौन्सिलच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो त्यांच्या नावाने गेला आहे.